नाणे गिळणारा घोडा

मी एक जुना घोडा आहे, मित्रांनो, पण मला चारा लागत नाही. मला नाणे लागते. एका मोठ्या किराणा दुकानाच्या दारात मी उभा असतो. माझ्या मानेखालच्या फटीत नाणे टाकले की आतली मोटार घरघरते आणि मी पुढे-मागे डोलू लागतो. एका नाण्यात दोन मिनिटे, असा माझा रोखठोक कारभार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात साच्यातून झाला. मला रंगवणाऱ्या बाईंना त्या दिवशी घरी जायची घाई असावी, कारण त्यांनी माझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक काढला. तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारतो आहे असे वाटते. पण सुरुवातीला माझा थाट मोठा होता. मुले माझ्यापाशी रांगा लावत. मी थांबलो की ती भोकाड पसरत, आणि चारचौघांत शोभा नको म्हणून आईबाप मुकाट्याने आणखी एक नाणे काढत. रडे जितके मोठे, तितकी माझी कमाई मोठी. मला त्यात काही गैर वाटत नसे.

मग ठकी आली. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. सोबत तिचे आजोबा असत. ते घड्याळे दुरुस्त करत, आणि नातीपुढे त्यांचे काही चालत नसे. ठकीच्या आईने नुकताच एक नियम केला होता. दर रविवारी ठकीला तीन नाणी मिळणार, त्यांचे काय करायचे ते तिने ठरवायचे, आणि संपली की संपली.

पहिल्या रविवारी तिन्ही नाणी मी गट्टम केली. ठकी खूश होऊन खाली उतरली आणि तिला दुकानाच्या काचेमागे एक पिवळी टॉर्च दिसली.

"आजोबा, मला ती हवी."

"पैसे आहेत का तुझ्याकडे?"

ठकीने दोन्ही तळहात उघडून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि असे काही रडली की मी जरासा ओशाळलो. आजोबांचा जीव वरखाली होत होता, पण ठकीच्या आईने बजावून ठेवले होते, म्हणून ते नातीचे नाक पुसत उभे राहिले.

पुढच्या रविवारी ठकी माझ्यावर बसली, पण नाणे काही टाकेना. जिभेने टकटक आवाज काढत ती आपली आपणच डोलत राहिली. नाणी रुमालाच्या गाठीत होती. फुकट बसायला दुकानदाराची मनाई नव्हती. खरे सांगतो, मला आधी रागच आला. पण नंतर मी तिच्याकडे नीट पाहिले. तिची नजर सारखी माझ्या फटीकडे जाई. मग ती गाठ आणखी घट्ट धरी. मी दारातच उभा असतो, मित्रांनो. मोठी माणसे एक साबण घ्यायला आत जातात आणि दोन पिशव्या भरून बाहेर येतात, हे रोज बघतो. या पोरीचे मला फार कौतुक वाटले.

असे रविवारांमागून रविवार गेले. एकदा आजोबांना राहवेना. त्यांनी हळूच माझ्या फटीत आपले नाणे टाकले आणि मी डोलू लागलो. ठकीने टुणकन खाली उडी मारली.

"मी नाही टाकलं हां नाणं."

"अगं, मी टाकलं. बस तू."

"तुमचं आहे ना? मग तुम्ही बसा. उगाच वाया जाईल."

आजोबांनी इकडेतिकडे पाहिले, धोतर असते तर खोचले असते अशा आवेशात पाय टाकला आणि खरोखरच बसले. दुकानदार गल्ला सोडून बघायला आला. इतका वजनदार स्वार मला ना आधी मिळाला ना नंतर.

शेवटी तो रविवार आला. ठकीने दारालगतच्या गल्ल्यावर गाठ सोडली. नाणी मोजली, ती टॉर्चपुरती बरोबर भरली. दुकानदाराने टॉर्च पुढे केली. ठकीने बटण दाबले, पण उजेड पडला नाही.

"सेल वेगळे घ्यावे लागतात, बेटा," दुकानदार म्हणाला.

ठकीने पुन्हा एकदा बटण दाबून पाहिले. सगळी नाणी समोर होती आणि तरी पुरत नव्हती. आजोबांचा हात खिशाकडे गेला. मला तो स्पष्ट दिसला. तो खिशाच्या तोंडाशी थांबला, आणि मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. त्या म्हाताऱ्याला ते किती जड गेले असेल, हे मला कळले.

ठकीने नाणी परत रुमालात बांधली. "काका, ही टॉर्च माझ्यासाठी बाजूला ठेवाल? मी सेलचे पैसे जमवून येते."

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ठकी टॉर्च घेऊन बाहेर आली आणि माझ्यापाशी उभी राहून तिने बटण दाबले. भर दुपारचे ऊन होते. काहीच दिसेना. तेव्हा आजोबा खाली वाकले, त्यांनी टॉर्चभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरून अंधार केला, आणि त्यांच्या तळहातावर उजेडाचा पिवळा ठिपका उमटला.

"लागली गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, आता माझ्या नाकाचा रंग उडाला आहे आणि मोटार अधूनमधून रुसते. कधी आलात तर खुशाल नाणे टाका, मला आनंदच होईल. मात्र ते टाकण्याआधी मूठ क्षणभर मिटून ठेवा आणि आपल्याला नक्की हेच हवे आहे का, असे स्वतःला विचारा. आणि घरातल्या मोठ्यांना माझा एक निरोप द्या. तुमच्या मुलांना चुकायचे असेल, तर माझ्यापाशी चुकू द्या. इथे चूक तीन नाण्यांत भागते.