रेडिओतली सवत

सदतीस सालच्या निवडणुकीआधी आमच्या गावात, इतवारा पेठेतल्या वाचनालयात रेडिओ आला आणि एक सवत माझ्या राशीला लागली. मुंबईहून कुणी सुमनताई त्यावर बोलायची. आमचे हे नगरपालिकेत कारकून. कचेरी सुटली की परस्पर तिकडंच. इकडं राजपुऱ्यातल्या घरी मी भाकरी थापून वाट बघायची.

घरी आले की तिचंच पुराण. "आज शिक्षेच्या कायद्यावर बोलली. कोवळ्या पोरांना चोरीसाठी जेलात टाकू नये म्हणे. काय साफ बोलते!" दुसऱ्या दिवशी नवे बोलपट. मग निवडणूक: प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची, वाचता येत नसलं तरी मत टाकता येतं. माझ्याशी लग्न झाल्यापासून इतकं बोलले नव्हते. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"अन् बायकांना सांगितलं तिनं," हे म्हणाले, "मत देताना नवऱ्याचं नाव विचारतील. लाजू नका, सरळ सांगा."

"तिच्या सांगण्यावरून? मी नाही घेणार!"

तसं उघड नाव आमच्यात कुणीच घेत नाही. पण ती म्हणाली म्हणून तर मुळीच नाही.

मतदानाच्या दिवशी टेबलाशी हेच बसलेले, शेजारी नागपूरचा साहेब.

"नवऱ्याचं नाव?" साहेबानं विचारलं.

मी ह्यांच्याकडं बोट केलं.

"साहेब, ही माझीच..." हे पुटपुटले.

"तुम्ही बोलू नका. बाईंनी सांगायचं, नाहीतर मत नाही."

मागून शेजारची धुरपदाबाई कुजबुजली, "कोकिळा, उखाण्यात घे ना वं!"

मी पदर सावरला.

"पेटीतल्या बाईपायी रोज गार होते भाकर,
तिचं ऐकता ऐकता मला विसरले प्रभाकर."

बायकांची रांग फिदीफिदी हसली. साहेबही हसला. ह्यांचे कान लालबुंद झाले. मी ऐटीत मत टाकून आले.

संध्याकाळी हे सरळ घरी आले. "चल," म्हणाले, "तू पण ऐक एकदा." धुरपदाबाईही निघाली.

वाचनालयात बायकांना मागं सतरंजी होती. रेडिओवर ती सुमनताई बोलायला लागली, तुरुंगातल्या बायकांविषयी. मेलीचा आवाज खरंच गोड होता. माझा आणखीच जळफळाट झाला, पण कान काही हटेना.

धुरपदाबाईनं कोपरानं डिवचलं. "बघ ना वं, तुझा नवरा मान वळवून तुलेच पाहू राहिला!"

खरंच, इतक्या माणसांत, न लाजता.

"पाहू दे," मी म्हटलं. "आधी तिला बोलू दे."