फाटकावरचा सत्कार

इंगोलश्टाटच्या बगळ्यांनी एकदा जर्मनीची फायनल गाठली होती, हे विचारायची गरज पडत नाही. क्लबच्या खोलीत पाऊल टाकलंत की कोणीतरी आपणहून सांगायला लागतो. बगळे म्हणजे हेरॉन्स. हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. पायाने खेळायचा तो फुटबॉल वेगळा. हा हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखोटीला मारून एकमेकांवर तुटून पडायचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे घरातला कर्ता. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, कोणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो. हरलं की शिव्या त्याला, जिंकलं की खांद्यावरही तोच.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात क्लबला तीस वर्षं होत होती आणि त्या गुरुवारी खोलीत एकच विषय होता, आपला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक कोण. कारभाऱ्यांनी तिघांची नावं काढली होती. तिघेही अमेरिकेतून आणलेले. त्यातला ब्रँडन, फायनलपर्यंत नेणारा, शनिवारी खास विमानाने येणार होता. नावं पुकारली की चाहते उभं राहून मॅच बघतात त्या कट्ट्यावरून ढोल वाजायचा, असंही ठरलं होतं. ढोल उल्हासचा होता आणि उल्हासला कोणी विचारलं नव्हतं.

उल्हास पन्नाशीचा, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. त्याने हात वर करून विचारलं की येन्सचं नाव कुठे आहे.

खोलीत जरा हशा पिकला. येन्स इथलाच, डोनाऊ नदीच्या पलीकडच्या वस्तीतला. चार मोसम खेळला. त्या चारही मोसमांत संघ असा काही हरला की खालच्या लीगमध्ये गेला. चाहत्यांचा म्होरक्या ग्युंटर म्हणाला, येन्स माणूस चांगला आहे, पण आठवण जिंकलेल्यांची ठेवतात.

त्याला सगळ्यात मोठा दुजोरा आपल्याच माणसाने दिला. सिद्धांत हा पुण्याचा पोरगा, अठ्ठावीसचा, गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आणि कट्ट्यावर उल्हासच्या शेजारी ताशा वाजवणारा. तो मराठीतच म्हणाला, "काका, येन्सच्या काळात आपण जिंकलेल्या मॅच एका हाताच्या बोटांवर मोजून होतात. वर अंगठा उरतो."

"आणि तो नसता तर हरायला तरी मैदानात कोण होतं?" उल्हास म्हणाला.

हेच तो मग जर्मनमध्ये सगळ्यांना सांगत राहिला. त्या वर्षांत प्रायोजक पळाला होता, अमेरिकन आणायची ऐपत नव्हती. कोणी चेंडू हातात घ्यायला तयार नव्हतं. येन्स मुळात दुसऱ्याच जागेवर खेळायचा, तो पुढे झाला. संघ लीगमधून काढून घ्यायची पाळी आली होती ती त्याच्यामुळे टळली. तेव्हा क्लब बुडाला असता तर ब्रँडन आला असता कुठे, बिअर गार्डनमध्ये? पाहुणा पंगतीला बसतो, पण चूल घरच्याने पेटती ठेवलेली असते.

चूल म्हणजे काय ते ग्युंटरला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला की ठराव झालेला आहे. ज्याला पटत नसेल त्याने शनिवारी घरी बसावं. कट्टा ढोलाशिवायही भरतो.

ते वाक्य उल्हासला लागलं, कारण तो ढोल कट्ट्यावर आला कसा हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

ढोल मराठी मंडळाच्या गणपतीसाठी आणलेला. दहा दिवस वाजायचा आणि मग वर्षभर उल्हासच्या तळघरात, सायकलींच्या मागे पडून राहायचा. दहा वर्षांपूर्वी त्याने तो पहिल्यांदा मॅचला नेला. लोक इतके थोडे होते की कट्टा भकास दिसत होता. चेंडू आपल्या येन्सच्या हातात आला की आता जोर लावायचा, अशी त्याची समजूत. आपल्याकडे आपला माणूस पुढे आला की वाजवायचंच असतं. त्याने जीव तोडून वाजवलं. येन्स ओरडून जे सांगत होता ते त्याच्याच गड्यांना ऐकू गेलं नाही, गोंधळ झाला, दंड पडून संघ मागे आला. सगळा कट्टा उल्हासकडे असा बघत होता की ढोलाच्या आत शिरून बसावंसं वाटलं. ग्युंटरने तर तिथल्या तिथे सांगितलं, हे उद्यापासून बंद.

मॅच संपल्यावर हरलेला येन्स हेल्मेट हातात घेऊन आला. कट्ट्यापुढून जाताना दरवेळी तो सगळ्यांशी हात मिळवायचा. ढोलापाशी थांबून त्याने समजावलं. चेंडू आपल्याकडे असला की गप्प, त्यांच्याकडे असला की आभाळ फाटेपर्यंत वाजव. मग ग्युंटरकडे वळून म्हणाला, "हा राहू दे. आपल्याकडे कोणीतरी बघतंय, एवढं तरी मला ऐकू येतं."

त्या दिवसापासून ढोलाची जागा ठरली. परक्या गावात उल्हासला अशी दुसरी जागा नव्हती, जिथे तो आला नाही तर कोणी विचारील.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने मीनलला, बायकोला, शाल मागितली. कपाटातली नवी, भाच्याच्या मुंजीतली. कशाला ते कळल्यावर ती आधी हसली आणि मग तिने शाल काढून इस्त्री केली. आशियाई दुकानातून नारळही तिनेच आणला. पण तो पार तासलेला, शेंडीचं नाव नाही.

"अहो, बिनशेंडीचा नारळ देवाला चालत नाही," ती म्हणाली.

"माणसाला चालेल."

बेत साधा होता. अमेरिकनांची नावं पुकारून झाली की कट्ट्यावरच येन्सला बोलवायचं आणि शाल-श्रीफळ द्यायचं. क्लब करत नाही ना, आपण करू. ग्युंटर काय करील ते करील.

शनिवारी मैदानाच्या फाटकावर ही गर्दी. पिवळं जाकीट घातलेले स्वयंसेवक पिशव्या उघडून बघत होते. उल्हास गळ्यात ढोल अडकवून पुढे सरकला, मीनलने पिशवी उघडली, आणि आत हात घालून नारळ बाहेर काढणारा माणूस येन्सच होता. वरिष्ठ संघातून निवृत्त झाल्यापासून घरच्या मॅचला तो फाटकावर उभा राहायचा, हे उल्हासच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

येन्सने नारळ हातात तोलून बघितला आणि ओशाळून सांगितलं की हा आत नेता येणार नाही. फेकून मारता येईल अशी कडक वस्तू चालत नाही, नियम आहे. जाताना परत मिळेल.

मीनलला हसू आवरेना. उल्हास मात्र गंभीर झाला. त्याने सांगितलं की हा परत नकोच, हा तुझ्यासाठीच आहे. आमच्याकडे ज्याचा मान करायचा त्याच्या अंगावर शाल घालतात आणि हातात नारळ देतात. आत तुझं नाव पुकारणार नाहीत, म्हणून आणला.

मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा येन्सने दुसऱ्या स्वयंसेवकाला आपल्या जागी उभं केलं आणि बाजूला आला. नारळ हातातच होता.

तेवढ्यात आतून सिद्धांत धावत आला. ताशा त्याच्या कमरेला बांधलेलाच होता. धापा टाकत म्हणाला, "काका, ग्युंटरने पाठवलंय. नावं पुकारायला घेतायत. ढोल आत आणा, नाहीतर यापुढे आणूच नका म्हणाला."

उल्हासने आत बघितलं. कट्टा खच्चून भरला होता, त्यात कठड्याशेजारची त्याची जागा तेवढी मोकळी होती. लोकांनी राखून ठेवली होती. ब्रँडनबद्दल त्याच्या मनात काडीचा राग नव्हता. पोरगा खेळलाही झकास होता. पण आत गेलं की मान तिघांचा, आणि ज्याने ही जागा दिली तो बाहेर पिशव्या तपासत उभा.

"ग्युंटरला सांग, ढोल जिथे आहे तिथेच वाजेल," उल्हास म्हणाला.

"म्हणजे जागा गेली, काका."

"गेली तर गेली. दिली त्याच्यापायी गेली."

मीनलने शालीची घडी मोडली. येन्स चांगलाच उंच, तिचा हात पोचेना, तेव्हा तो वाकला. पिवळ्या जाकिटावर जांभळी शाल आली. रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवून बघितलं, एका म्हातारीने येन्सला नावाने ओळखलं. आत लाउडस्पीकर खरखरला आणि पहिलं नाव पुकारलं गेलं.

सिद्धांत अजून तिथेच होता. त्याने एकदा आत बघितलं, एकदा येन्सकडे, आणि ताशाचा पट्टा आवळला. "मला अजूनही ब्रँडनच मोठा वाटतो, हं. ते बदलणार नाही," तो म्हणाला. "पण नुसत्या ढोलाला काय चव येणार?"

उल्हासने टिपरू उचललं. येन्स दोन्ही हातांत नारळ छातीशी धरून उभा होता, खेळायच्या दिवसांत चेंडू धरायचा तसा. त्याचे डोळे ओले होते, तरी त्याला जुना नियम आठवला.

"चेंडू माझ्याकडे आहे, उल्हास," तो म्हणाला. "गप्प बसायचं असतं."

"आज नाही," उल्हास म्हणाला, आणि आभाळ फाटेल असा पहिला ठोका त्याने ढोलावर घातला.