सिन्योरचे गुडघे

"लोलो मेल्चोर, आपल्या गावातला तो पहिला रेडा देवासाठी गुडघ्यावर बसला, का चिखलासाठी?"

पैजच तशी होती. भर सभेत हे विचारलं, तर मैत्रिणी लिवायला आठवडाभर बर्फाचा गोळा खिलवणार होत्या. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाचा आदला दिवस. नव्वदीचा मेल्चोर आजा मांडवात दरसालची कथा सांगत होता: दोनशे वर्षांमागं नांगराचा एक रेडा इथं आपणहून गुडघ्यावर बसला, उठेचना, मग पाद्र्यानं तिथंच चर्च बांधलं, अन् भोवती सांता तेक्ला गाव वसलं. तेव्हापासून सणाला रेडे न्हाऊन, तेल लावून चर्चपुढं गुडघे टेकतात. दोर मात्र पुरुषानंच धरायचा.

लिवायचा प्रश्न ऐकून मेयरबाईंच्या हातातला पंखा थांबला. म्हातारा बिनदाताचं हसला.

"चिखलच की गं! माझा आजा सांगायचा, डबकं व्हतं हितं. मे म्हैन्याच्या उन्हात रेड्याला दुसरा कंचा देव सुचतोय?"

मांडव खदाखदा हसला. लिवायचा बाप आंब्रोसियो तेवढा हसला नाही. गावातले बाकीचे बारा रेडे बसत, त्याचा रेडा सिन्योर तीन वर्षं खांबासारखा उभा. मेयरबाईंनी चर्चपुढं सिमेंट ओतल्यापासून त्यानं गुडघा म्हणून वाकवला नव्हता.

घरी येताच आंब्रोसियोनं मिशीला पीळ भरला. "उद्या त्यो बसला न्हाई, तर परवा खाटकाच्या दारात! म्या हातट्रॅक्टर घेणार."

"ताताय, त्याला मारू नका ना!"

"तू गप! गावाच्या देवाची टवाळी करतीस वर."

"तिच्यावर कशाला वरडताय?" लिवायची आई, नानाय, चुलीपासून म्हणाली. "दर साली रेडा उभा ऱ्हातो, अन् दोर वढून वढून तुमीच गुडघ्यावर येताय."

लिवायला झोप कसली येते! सिन्योरला रोज नदीवर तीच न्यायची. चिखल दिसला की गडी आधी पुढचे गुडघे टेकायचा, हे तिला पाठ होतं.

तांबडं फुटायच्या आत तिनं मैत्रिणींना उठवलं. भाताच्या खाचरातला चिखल डब्याडब्यानं मेयरबाईंच्या सिमेंटावर.

"गोळा आमी द्यायचा, अन् चिखल बी आमीच वाहायचा?" एकजण कुरकुरली.

"वारसा जपतोय गं आपण," लिवाय म्हणाली.

दहाला मिरवणूक आली. सगळ्यांत पुढं आंब्रोसियो, अंगात लग्नातला पांढरा जाळीदार सदरा. सिन्योरनं नाक फेंदारलं. थबकला. अन् टेकले की गुडघे! लोकांनी टाळ्या पिटल्या, आंब्रोसियोच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सिन्योरनं बाकीचं अंगही टाकलं आणि मजेत लोळण घेतली. मनगटाला दोर गुंडाळलेला आंब्रोसियो गेला त्याच्या मागोमाग. मागचे बारा रेडे वर्षाची शिकवण विसरून धावले. पाद्रीबाबांनी उचललेला हात तसाच, मग बिचाऱ्यांनी चिखलावरच तीर्थ शिंपडलं.

"आक्षी पयल्या दिवसावानी!" मेल्चोर आजा काठी आपटत ओरडला.

घरी आंब्रोसियो अंगणात निथळत उभा. नानाय फडकं तोंडात कोंबून हसत होती. सिन्योर निवांत रवंथ करत होता. खाटकाचं नाव आता कोण काढतंय! लिवाय पायरीवर चढली.

"ताताय, नानाय, ऐका. पुढच्या साली सिन्योरचा दोर मी धरणार. पोरीनं धरू नये म्हणणाऱ्यानं आधी मिशीतला चिखल काढावा."