घट्ट लागणारं दार

चौतीस वर्षं गावभरचे फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घरातल्या फ्रीजला दोन वर्षं स्टूल टेकवून ठेवलेलं होतं. दाराचं रबर कडक होऊन खालच्या कोपऱ्यात फाटलं होतं. दार लावलं तरी बोटभर फट राहायची, म्हणून स्टूल, आणि स्टूल सरकू नये म्हणून त्यावर हत्यारांची पेटी. दूध काढायचं तर आधी पेटी खाली, मग स्टूल बाजूला, मग दार. दूध परत ठेवायचं तर हेच सगळं उलट. त्याची बायको दिवसातून दहा वेळा ही कसरत करायची आणि दहातल्या एखाद्या वेळी, त्याला ऐकू जाईल अशा बेताने, भिंतीला सांगायची, "मोठं नाव आहे हो आमच्या ह्यांचं!"

मिस्त्री कानाडोळा करायचा. "उद्या बघतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. खरी गोष्ट अशी की दुकान बंद केल्यापासून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा धड वळत नव्हता, आणि हे बायकोपुढे कबूल करणं त्याच्या जिवावर यायचं. दुसऱ्या कोणाला बोलवा म्हटलं की मात्र लगेच फणकारा. "माझ्या घरात दुसऱ्याने येऊन पाना फिरवायचा? त्यापेक्षा फ्रीज रस्त्यावर ठेव ना!"

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या फ्रीजमध्ये बायकोचं औषध होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला मधुमेह निघाला होता, आणि तोही असा की तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. सकाळी टोचायचं, संध्याकाळी टोचायचं, एक दिवस चुकवायची सोय नाही. औषध थंड जागी ठेवा, तापू देऊ नका, हे तिला तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरने बजावलेलं. म्हणून रबर फाटल्यापासून तिने बाटल्या दारातल्या कप्प्यातून काढून मधल्या फळीवर पार आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवायला सुरुवात केली. तिथे सगळ्यात जास्त गारवा असायचा.

मिस्त्रीनेही आपल्या परीने तोड काढली होती. फटीतून थंडावा निसटतो म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्याने गारवा कमी-जास्त करायचं आतलं बटण तीनवरून सातवर नेलं, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली. पट्टी लावायचं कारणही होतं. एकदा फ्रीज पुसताना बायकोच्या हातून ते बटण फिरलं होतं आणि पाहुण्यांदेखत हा तिच्यावर खेकसला होता, "मशीनला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!" त्यानंतर तिने बटणाला कधी हात लावला नाही. ती अशीच होती. तोंडाने दहा टोमणे मारील, पण एकदा सांगितलेलं मोडणार नाही. चिकटपट्टी पुढे कळकट होऊन आतल्या रंगात मिसळून गेली आणि मिस्त्रीच्या लेखी ते बटण नाहीसंच झालं.

यंदा ऊन जरा जास्तच तापलं. दवाखान्यातून तीन महिन्यांच्या सहा बाटल्या एकदम मिळाल्या. बायकोने त्या आत लावल्या, दार, स्टूल, पेटी असं सगळं जागच्या जागी केलं आणि या वेळी भिंतीशी न बोलता सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, या सहा बाटल्या तापल्या तर माझं काही खरं नाही. एक तर त्या दाराला रबर बसवा, नाही तर मला बर्फात नेऊन बसवा."

तिच्या आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. मिस्त्रीने त्याच दुपारी टेप घेऊन दार मोजलं.

नवीन रबर घडी घालून पिशवीत दिलं होतं, त्यामुळे त्याला जागोजागी चुण्या पडल्या होत्या. त्याने ते मोठ्या टबात कढत पाण्यात सोडलं. तोवर जुनं काढायला बसला. रबराची आतली कड बोटांनी उचलायची, तिच्याखालचे स्क्रू नुसते सैल करायचे, पार काढायचे नाहीत, नाही तर दाराचं आतलं कवच सुटून हातात येतं. हे त्याने आयुष्यात किती जणांना शिकवलं असेल. सत्तावीस स्क्रू होते. पाचव्यालाच अंगठ्यातून कळ आली. त्याने पाना डाव्या हातात घेतला. बायको शेजारी त्याच स्टुलावर बसली होती. तिने पाहिलं. थोड्या वेळाने उठून तिने दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं, म्हणजे त्याला तेवढाच आधार.

जुन्या रबराच्या घडीत काळी बुरशी निघाली. बायकोने नाक मुरडलं. "एवढी वर्षं हे खाल्लं होय आपण!"

"अजून जिवंत आहेस ना?"

"तुमच्या कृपेने नव्हे."

नवीन रबर आधी वरच्या दोन कोपऱ्यांत बसवलं, मग बाजूंनी खाली उतरवलं. स्क्रू आवळताना दार पिळवटतं, ते कोपऱ्यात दाबून सरळ करावं लागतं. तेही केलं. बिजागरीकडच्या अंगाला रबर नीट फुगत नव्हतं, म्हणून मुलीचा जुना केस वाळवायचा ड्रायर शोधून काढला आणि गरम हवा देऊन हळूहळू जागेवर आणलं. दाराची कड साबणाने पुसून लख्ख केली. आत काही त्याने पाहिलं नाही. काम दाराचं होतं.

मग आली त्याची परीक्षा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी काम झालं की तो हीच करून दाखवायचा. त्याने कॅलेंडरच्या जुन्या पानाची पट्टी फाडली, दारात धरली, दार लावलं आणि पट्टीचं टोक बायकोच्या हातात दिलं.

"ओढ."

तिने ओढली. पट्टी हलेना. तिने पाय रोवून जोर लावला तशी पट्टी टरकन फाटली आणि निम्मी तिच्या हातात आली. ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. "धन्य आहे बाई तुमची. दोन वर्षं लावली, पण लावलं ते असं!" मग तिने पदराने डोळे पुसले, स्टूल उचललं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी नेऊन ठेवलं. त्या संध्याकाळी मिस्त्री घरात पाहुण्यासारखा मिरवत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने पाण्याची बाटली काढली तर आत बर्फाचे पापुद्रे तरंगत होते. त्याने ती उजेडात धरून बायकोला दाखवली. "बघ! याला म्हणतात रबर. थेंबभर गारवा बाहेर जात नाही."

"बघितलं हो," ती म्हणाली. "कालपासून बघतेय."

इथे मिस्त्रीला दोष द्यावा तेवढा थोडा. लसीकरणाच्या दवाखान्यातल्या फ्रीजची देखभाल वीस वर्षं त्याच्याकडे होती. एका नर्सने बटण वाढवून ठेवलं म्हणून त्याने तिची खरडपट्टी काढली होती, "बाई, लस गोठली की तिचं पाणी झालं समजा. पोराला टोचलं काय आणि न टोचलं काय, सारखंच." इन्सुलिनचंही तेच, हे त्याला पाठ होतं. रबर बदललं की बटण खाली आणायचं, हे तर त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण परक्याच्या घरी तो काम करायचा, आपल्या घरी तो कौतुक करून घेत होता. बर्फ त्याने डोळ्यांनी पाहिला आणि शाबासकी समजून पिऊन टाकला.

पाचव्या दिवशी बायकोला मळमळायला लागलं. रक्त तपासायच्या मशीनवर आकडा भलताच आला. काही गोड पोटात गेलं असेल, उन्हाचं होत असेल, असं म्हणत तिने औषध थोडं वाढवून घेतलं. सहाव्या दिवशी ती घटाघटा पाणी पीत होती आणि ओकत होती. सातव्या सकाळी मिस्त्री चहा घेऊन गेला तेव्हा ती मोठमोठे श्वास घेत पडली होती. त्याने हाक मारली तर तिने भलतीकडेच पाहिलं.

इस्पितळात मुलगी धावत आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत होत्या. रक्तात विष चढलंय म्हणाल्या. "यांना इन्सुलिन मिळत नव्हतं. चुकवत होत्या का?"

"एक वेळ जेवण चुकवील," मिस्त्री म्हणाला, "इंजेक्शन नाही."

"मग औषधातच काहीतरी आहे. घरातल्या बाटल्या घेऊन या."

तो रिक्षाने घरी आला. फ्रीजचं दार एका हाताने उघडेना. आतल्या हवेने ओढून धरलं होतं. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा ते सुटलं. बाटल्या मागच्या भिंतीला बर्फाने चिकटल्या होत्या. चमच्याच्या टोकाने उकरून त्याने त्या सोडवल्या. पाच बाटल्या भरलेल्या आणि एक अर्धी, सगळ्या आतून पांढऱ्या, घट्ट. त्याची नजर वर गेली. कळकट चिकटपट्टी, तिच्याखाली बटण, बटणावर सात. त्याला काही शोधावं लागलं नाही, कोणाला विचारावं लागलं नाही. तो होता तिथे फरशीवर बसला. दार उघडंच होतं आणि गार हवा त्याच्या मांडीवर येत होती. मग बायको वाट बघतेय हे आठवून तो उठला.

इस्पितळात पोचेपर्यंत उन्हाने बाटल्या वितळल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी एक उजेडात धरून हलवली. पाण्यासारखी नितळ होती.

"दिसायला तर चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मुदतही संपलेली नाही. कंपनीकडे तक्रार करावी लागेल बहुतेक."

"करायलाच हवी," मुलगी तावातावाने म्हणाली. "सोडायचं नाही यांना, बाबा."

तो गप्प राहिला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पुरावा त्याच्या मांडीवर रिक्षात वितळून गेला होता. ते त्याच्या मनात आलं नाही असं नाही. येऊन एक क्षण बसलं.

"गोठल्या होत्या," तो म्हणाला. "मी रबर नवं बसवलं आणि बटण सातवर तसंच ठेवलं. कंपनीचं काही नाही. माझं आहे."

डॉक्टरीणबाईंनी बाटली खाली ठेवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मुलीने बापाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको शुद्धीवर आली. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. मिस्त्री खाटेजवळ वाकला. त्याला माफी मागायची होती, पण तोंडून निघाला तो प्रश्न.

"अगं, बाटली गोठलेली तुला दिसली नाही का?"

"दिसली की." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रोज मुठीत धरून पातळ करायची. म्हटलं गारच आहे, बरंच आहे."

"मग मला एका शब्दाने सांगायचं तरी!"

"दोन वर्षं बोलून बोलून तुम्हाला कामाला बसवलं. अंगठा एवढा दुखत होता तुमचा. लगेच काय खोट काढायची? म्हटलं, चार दिवस मिरवू देत." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "दार मात्र छान लागतं हो आता."

त्याने तिचा हात धरला. हात चांगला ऊबदार होता, म्हणून त्याला वाटलं, वाचेल. संध्याकाळी छाती भरली. औषधं झाली, यंत्रं झाली, पण हृदय फार थकलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

घरी माणसं जमली. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवत होतं, कोणी मुलीच्या. मुलगी अजून त्याच्याशी बोलली नव्हती. तो बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्या स्टुलावर बसून होता. शेजारची बाई चहासाठी दूध घेऊन स्वयंपाकघरात गेली. उरलेलं ठेवायला तिने फ्रीजचं दार ओढलं, ते उघडेना. तिने पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी ओढलं.

"अगंबाई, केवढं घट्ट लागतंय हे," ती आतून म्हणाली. "नवीन घेतलात का हो?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "रबर बदललं."

"छान बसवलंय. कोणाकडून करून घेतलंत?"

मुलीने मान वर करून बापाकडे पाहिलं.

"मीच," तो म्हणाला.