निळ्या पडद्याची बाधा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये एका छापखान्यातील संगणकास जडलेल्या बाधेचा, ती उतरविणाऱ्या एका महापुरुषाच्या पराक्रमाचा आणि त्या पराक्रमाच्या अंतिम विल्हेवाटीचा वृत्तांत यथामती निवेदन केला आहे. तो शांत चित्ताने वाचावा, ही नम्र प्रार्थना.

त्या दिवशी छापखान्याच्या दारात मुंगीलाही वाट मिळेना. कुणी बंद पडलेला मिक्सर काखोटीस मारून आला होता, कुणी मुका झालेला मोबाइल. शिंप्याने तर शिलाई यंत्राचे चाकच खोलून आणले होते. आत टेबलाभोवती तांब्याची पट्टी गुंडाळलेली होती, पट्टीच्या मधोमध संगणक विनातक्रार चालू होता आणि त्याच्यासमोर लहरीबाबा डोळे मिटून विराजमान झाले होते.

"यंत्रालाही प्राण असतो! आणि प्राण आला की बाधा आली! या यंत्रातल्या दूषित लहरी मी ओढून घेतल्या, पोटात जिरवल्या!"

"तरीच पोट एवढं पुढं आलंय," शिंपी पुटपुटला.

"गप्प बसा हो! तुमच्या चाकाचा नंबर जाईल अशानं," मिक्सरवाल्या बाईंनी त्याला दटावले.

कागदांच्या गठ्ठ्यांआड छापखान्याच्या मालकांची सून उभी होती. तिचे सर्वस्व या खोलीत पणास लागले होते. पानांची मांडणी करण्याची विद्या ती माहेराहून शिकून आली होती. तयार पाने तारेवरून मागच्या खोलीतील छपाईच्या यंत्राकडे धाडण्याचे काम तिच्या एकटीकडे असे. मालक संगणकावर बिले करीत, कंपोझिटरकाका मजकूर टाइप करीत. परंतु पाने पाठविण्याच्या बटणास हात लावण्याची दोघांचीही छाती होत नसे. आणि नेमकी ती पाने पाठवू लागली की पडदा निळा पडे, त्यावर पांढरी अक्षरे उमटत आणि संगणक मान टाकी.

"आमच्या हाताखाली कसा गुणी बाळासारखा चालतो," मालक म्हणत, "आणि सूनबाई बसली की राम म्हणतो!"

मग लहरीबाबांना पाचारण झाले. त्यांनी एकाच बैठकीत दोन उपाय फर्माविले. सुनेने यंत्रास शिवायचे नाही. आणि पट्टीला आडवी येणारी ती मागच्या खोलीची तार उपटून टाकायची. वर ताकीद दिली, "निळा पडदा दिसताच डोळे मिटा. बघेल त्याला बाधा धरेल!" तेव्हापासून सुनेचा नवरा पाने पेनड्राइव्हवर घालून मागे नेऊ लागला आणि संगणक एकदाही बंद पडला नाही. बाबांचा जयजयकार झाला.

आज बाबा शेवटचा निवाडा देणार होते. त्यांनी एक डोळा उघडला. "हात दूर केलात, सावली राहिली. मुलीला माहेरी पाठवा. लहरी शांत झाल्या की मी कळवीन."

"कधी कळवाल?" सुनेने विचारले.

"लहरींना कॅलेंडर नसतं, बाळ."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. तो आपल्या चपला न्याहाळत होता. तिची बॅग सकाळीच भरून जिन्याखाली आणून ठेवण्यात आली होती.

इतक्यात गर्दीतून वाट काढीत मालकांची थोरली बहीण आत आली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकविलेल्या या आत्याबाईंना सुनेनेच फोन करून बोलावले होते.

"काय रे, दोन औषधं एकदम घेतलीस आणि बरा झालास, तर गुण कुठल्या औषधाचा?" त्यांनी भावाला विचारले.

"ताई, इथं औषधाचा काय संबंध?"

"तू सूनही काढलीस आणि तारही काढलीस. मग गुण कशाचा? एकेक परत आणून बघू. बस गं पोरी, तारेशिवाय."

"अनर्थ होईल!" बाबा गरजले.

"झाला तर दिसेल की."

सून बसली. तिने मोठमोठी पाने उघडली, चित्रे हलविली, अक्षरे बदलली. पडदा काही निळा पडला नाही. आत्याबाईंनी तिला उठवून पार दाराबाहेर उभे केले, तार जोडली आणि बाबांकडे वळल्या. "आता सून बाहेर, तार आत. पानं तुम्ही पाठवा."

"साधनेत यंत्रस्पर्श वर्ज्य आहे."

"अहो, काल माझ्या मोबाइलवरून अर्धा तास लेकीशी बोललात ना!" मिक्सरवाल्या बाई म्हणाल्या. हशा पिकला. नाइलाजाने बाबांनी एका बोटाने बटण दाबले.

पडदा निळा पडला!

"डोळे मिटा! डोळे मिटा!" बाबा ओरडले. सवयीने अर्ध्या खोलीने डोळे मिटले.

"सूनबाई, पळत ये," आत्याबाई म्हणाल्या, "आणि वाच काय लिहिलंय ते."

तिने आजवर मान खाली घालून ऐकून घेतले होते. आज मान वर करून वाचले. पांढऱ्या अक्षरांत एका फाइलचे नाव होते. "आत्या, हे नेटवर्कच्या ड्रायव्हरचं नाव आहे. संगणक आणि तार यांच्यातला दुभाषा म्हणा ना. तारेवरून मोठं काही पाठवलं की हाच गडबडतो आणि सगळ्यांना घेऊन बुडतो."

"हा आला कुठून?"

नवऱ्याचा चेहरा पडला. "मीच टाकला होता. लग्नाच्या महिन्यात. पानं लवकर जावीत म्हणून. फुकट मिळत होता..."

"म्हणजे बाधा घरजावई निघाली!" शिंपी म्हणाला.

सुनेने संगणक पुन्हा चालू करून तो ड्रायव्हर काढला, तार ज्या नेटवर्क कार्डात खोचतात ते बनविणाऱ्या कंपनीचा मूळ ड्रायव्हर मोबाइलवर उतरवून घातला आणि तीच पाने तारेवरून पाठविली. गेली. पुन्हा पाठविली, पुन्हा गेली. मागच्या खोलीत छपाईचे यंत्र धडधडू लागले.

"पाहिलंत? माझ्या बोटानंच बाधा बाहेर काढली!" म्हणत बाबा पट्टी गुंडाळू लागले, परंतु त्यांच्याकडे कुणाचे लक्षच नव्हते.

मालक घसा साफ करीत म्हणाले, "झालं गेलं विसर, सूनबाई. उद्यापासून बस कामाला."

"बसते, मामंजी. पण चारचौघांत उठवलंत, तर चारचौघांतच बसवा."

मालकांनी स्वतः खुर्ची ओढली आणि दारातील मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिघाड यंत्रात होता. माझ्या सुनेत नव्हता. मी चुकलो."

ती बसली. नवरा मुकाट्याने बॅग वर घेऊन गेला.

वाचकहो, दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्यास खरे कारण कधीच गवसत नाही. म्हणून एका वेळी एकच बदलावी व काय घडते ते पाहावे. जो तुम्हांस न पाहण्याची आज्ञा करतो, त्याचे पोट तुमच्या न पाहण्यावरच चालते, हे ओळखावे. आणि यंत्राचा दोष माणसाच्या, विशेषतः घरात नव्याने आलेल्या लेकीच्या, माथी मारण्यापूर्वी निदान यंत्र काय म्हणते ते तरी वाचावे. माझे अल्प शिक्षण गोड मानून आपण हे येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
केरबा निवृत्ती घोलप