घरची मासळी

"आता होडीचं तेवढं विचारते," वनमाला राणे म्हणाली आणि टॅबवर बोट टेकवलं. "होडी आहे ना तुमची, बर्थाआंटी?"

बर्थाची नजर पाहुण्यांकडे गेली. गोराईच्या त्या घरात पाहुणे बसले होते, उत्तनहून बर्थाच्या लेकीला, फ्लेवियाला, मागणी घालायला आलेले. केक वाढून झाला होता, आणि बर्थाने नुकतंच ऐटीत सांगितलं होतं, "आमच्यात विकतची मासळी येत नाय."

वनमाला घरोघरी फिरून घरखर्चाची पाहणी करायची. पूर्वी सगळे प्रश्न एकाच बैठकीत विचारत. माणसं कंटाळून वाटेल ते ठोकून देत. म्हणून आता तीन भेटी ठरल्या: आधी खाणंपिणं, मग औषधपाणी आणि शाळा, शेवटी घरातल्या मोठ्या वस्तू. त्यात वनमालाने आपली एक युक्ती घातली. पहिल्या भेटीत जो 'घरची मासळी' म्हणेल, त्याला तिसऱ्या भेटीत होडी विचारायची. "लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, साहेब," ती मीटिंगमध्ये म्हणाली होती. साहेबांनी सर्वांसमोर कौतुक केलं, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आज बर्थाकडची तिसरी भेट होती, आणि पहिल्या भेटीत तिनेही 'घरची मासळी'च सांगितली होती. पाहुणे दिसताच 'नंतर येते' म्हणून परत फिरायला हवं होतं. पण खाडी ओलांडून बोरीवलीहून पुन्हा यायचा कंटाळा. शिवाय आपली युक्ती चालते का, ते बघायची हौस.

"हाय की होडी!" मुलाची आईच बोलली. "इसिडोरची होडी कुणाला ठावूक नाय?"

"नाय," बर्था हळूच म्हणाली. "नवरा गेला, मागून होडी पण विकली."

इथे तरी थांबावं की नाही? पण सवयीने वनमालाच्या तोंडून निघून गेलंच, "मग मासळी कुठून येते?"

"बाजारात लोकांची मासळी साफ करून देते. उरलेली देतात."

मुलाच्या आईने हातातली बशी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दारातून फ्लेविया आत सरकली.

युक्ती चालली होती. खोटं पकडलं गेलं होतं. वनमालाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या हातचा केक खाल्ला, तिलाच तिच्या घरात, होणाऱ्या व्याह्यांसमोर आपण उघडं पाडलं. माफी मागावी, तर तीही त्यांच्याच देखत मागावी लागणार. ती खाली मान घालून बसली.

बर्था ताठ बसली होती. "लिवलंस, बाय?"

"हो."

"खरं तेच लिव. आता पुढचं विचार. काय राहिलंय?"

पुढचा प्रश्न सोन्याचा होता. बर्थाचे कान, गळा, हात सगळं मोकळं होतं. पाहुणे वाट बघत होते.

"काही नाही, आंटी," वनमाला म्हणाली. "झालं सगळं."