पांढरा ठिपका

पत्र्यावर घण घालावेत तसं मशीन अर्धा तास ठणठणत होतं, पण हर्षाली हलली नाही. शहापूरच्या त्या स्कॅन सेंटरातला माणूस म्हणाला, "एवढ्या लहान पोरांना गुंगी द्यावी लागते. ही तर पापणीसुद्धा हलवत नाही." तिच्या आईला, रखमीला, याचं कौतुक वाटलं नाही. लेक सहा वर्षांची, अंगात तीन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक, आणि तोही ढगळ. डोळखांबकडच्या त्यांच्या पाड्यावर बाया तिला पाहून बाजूने निघून जात. ताप आला की ती रडत नसे, नुसती गार पडे.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली. काळ्याकरड्या डोक्याच्या मधोमध, कपाळामागे, एक पांढरा ठिपका चमकत होता.

"हा खाली हाडाच्या खोबणीत हवा होता," बाई म्हणाल्या. "तिथे मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वाढ, ताकद, सगळं तिच्या हुकमावर चालतं. हिची ग्रंथी अगदीच बारीक आहे, तिला जोडणारा देठ तुटका आहे, आणि तिचा हा भाग वरच राहिलाय. पोटात असल्यापासून."

 हा ठिपका रखमीच्या ओळखीचा होता.

हर्षालीच्या आधीची मुलगी जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी अशीच गार पडून गेली होती. नवऱ्याने, नवसूने, तिला पुरायला नेण्याआधी रखमीने तांदळाच्या पिठाचं बोट तिच्या कपाळावर टेकवलं. पुन्हा पोटी यायचं झालं तर ओळख चुकायला नको म्हणून. हे तिने नवसूलाही कधी सांगितलं नव्हतं.

"बाई, असली पोर तिसऱ्या दिवशी मरंल काय?"

"मरू शकते. रक्तातली साखर उतरते. वेळेवर कळलं तर वाचतेही. तुमचं आधीचं मूल गेलंय का?"

"नाय," रखमी धडधडीत खोटं बोलली.

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. रोज तीन वेळा, जन्मभर, आणि ताप आला की दुप्पट. वाढीची इंजेक्शनं नंतर सुरू करायची होती. "गोळी चुकवलीत तर एखाद्या तापात ही जाईल," असं त्यांनी दोनदा बजावलं.

जीपने दोघी दुपारी पाड्यावर पोचल्या. नवसू मुरबाडकडे वीटभट्टीवर होता, घरात कुणी नव्हतं. रखमीने गोळी पुढे केली, तर हर्षालीने ओठ घट्ट मिटले.

"ही खाल्ली तं मी मोठी होईन ना?"

"होशील की."

"मग नको." पोर तिच्याकडे टक लावून पाहत होती. "मोठी झाले का तू मला वळखणार नाय. पीठ लावलंस तवा मी इवलीशी होते."

भर दुपारी रखमीच्या अंगावर सरसरून काटा आला. जिच्यासाठी छाती दुधाने ठणकत राहिली, ती समोर उभी होती. तिला उराशी धरावं आणि गोळी चुलीत टाकावी, असं रखमीला वाटलं. खोटं कशाला सांगा, वाटलंच. पण मग ही पोर पुढच्या तापात पुन्हा गार पडणार होती.

"ती मेली," रखमी म्हणाली. सात वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. "माझी ती पोर मेली. तू हर्षाली हायस. गीळ."

 मग पोरीने गोळी गिळली आणि तोंड वेंगाडलं. "कडू हाय गो," म्हणाली, आणि इतर पोरांसारखं भोकाड पसरलं. रखमीने तिला कडेवर घेतलं आणि तिच्याहून मोठ्याने रडली. तिची पहिली लेक आज गेली होती.